पाठीमागची घंटा

कपाट आवरताना लाल-पांढऱ्या पिनांची वायर हाती लागली आणि कोळवणच्या घरातली ती दुपार आठवली. धाकट्या दिरांनी याच वायरीने डिस्क प्लेअर नव्या होम थिएटरला जोडला होता. दोन स्पीकर आमच्या पाठीमागे होते. सिनेमा लागला आणि मागून गाईच्या गळ्यातली घंटा वाजली. अंगणात भात वाळत पसरलेलं. मी, घरातली शहाणी सून, काठी घेऊन धावले. बाहेर दाणाही हलला नव्हता. घंटा घरातच चालत होती, गाय मात्र कुठेच दिसेना.

“ये आत. गाय हितं हाय,” सासूबाई हळूच म्हणाल्या. तिला वाट द्यायला त्यांनी पाय जवळ घेतले होते. मीही काठी बाहेर ठेवली आणि तिला धक्का लागू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेने आत आले.