पुसलेली पाटी, काढलेली पाटी

संगणकाला आज्ञा लिहून देण्याचं काम मी पुढे बरीच वर्षं केलं. तिथे एखाद्या नावाखाली ठेवलेली किंमत पुसणं वेगळं आणि ते नावच काढून टाकणं वेगळं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमच्या नंदुरबारचा, पाट्या लिहिणारा हारुनभाई आठवला आणि हसू आवरेना.

साल अठ्ठावन्न-एकोणसाठ असेल. गावाबाहेरच्या मैदानावर शेतकरी ओली लाल मिरची वाळत घालायचे. त्या जागेला पथारी म्हणत. प्रत्येकाच्या पट्ट्यापाशी खुंटीला एक पाटी. वर मालकाचं नाव, खाली मालाचा भाव. भाव बदलला की हारुनभाई ओल्या फडक्याने तो पुसून नवा लिहायचा. इथवर त्याचा हात कोणी धरू शकलं नसतं. माल विकला गेला की मात्र बिचाऱ्याचं डोकं चालेनासं व्हायचं.

आधी तो नुसता भाव पुसून नाव तसंच ठेवायचा. हळूहळू मैदान रिकाम्या पट्ट्यांनी भरलं, नव्या गाड्यांना जागा मिळेना. मैदानाचा हिशेब बघणारे मुनीम चुनीलाल भडकले. माल नाही तिथे पाटी कशाला, काढून टाक म्हणाले. हारुनभाईने सरसकट काढल्या.

त्यात रनाळ्याच्या तुळशीबाईची पाटीही गेली. एकटी बाई. पहिल्या तोडणीची मिरची विकून दुसऱ्या तोडणीची आणायला ती घरी गेली होती. परतली तर तिच्या पट्ट्यावर खापर गावच्या रेवजीची मिरची पसरलेली. रेवजीला तरी काय बोलणार? पाटी नाही म्हणजे जागा मोकळी, हा तिथला रिवाज. इकडे पोत्यात ओली मिरची तापत होती. रात्रभर तशीच राहिली तर काळी पडणार आणि बाईचं वर्ष बुडणार.

हारुनभाईने धावत जाऊन पाटीवर तिचं नाव लिहिलं आणि पाटी तिच्या हातात दिली.

"मिरची सरनी भाऊ, मी थोडीच सरनू?" ती म्हणाली. "आते हाई मिरची कोठे टाकू?"

हारुनभाई पेचात पडला. ठेवली तरी शिव्या, काढली तरी शिव्या. माणसाने करावं काय? मुनिमाचा मला आजही राग येतो. शेवटी हारुनभाईने तिची गाडी आपल्याच घरी वळवली आणि मिरची घराच्या सपाट धाब्यावर पसरली. तिच्या नावाची पाटी दाराला टांगली. त्याची बायको अख्तरबानो आणि सगळी गल्ली शिंकून हैराण झाली. घर विकलं की काय, असंही लोक विचारू लागले.

माल वाळून विकला गेला. आता तरी पाटी काढा, अख्तरबानो म्हणाली. हारुनभाई ओलं फडकं घेऊन आला. मग त्याने भाव पुसला आणि नाव राहू दिलं. बरोबर केलं की चूक, त्याला काही केल्या उमगेना.

पुढच्या हंगामात तुळशीबाईची गाडी मैदानाकडे वळलीच नाही, सरळ गल्लीत आली. तिला वाचता येत नव्हतं. दाराला पाटी आहे एवढं पाहून तिने बैल सोडले.