मागनं मारलेली हाक

ए पोरी, फोन नीट धर, ये अशी जवळ. लांबूनच काय 'बरं आहे का, बरं आहे का'? फोनवर एवढुसं तोंड दाखवतेस नि पळतेस. दिवाळीत आलीस, दिवसभर लोळून पुस्तक वाचलंस आणि जाताना ते उशीखाली विसरून गेलीस. पाठवू का म्हणून विचारलं तर म्हणालीस, "असू दे, तुम्ही वाचा की." वाचलं, बरं का. नुसतं वाचलं नाही, तुझ्या आज्जीला वाचून दाखवलं. त्यातनं जे निघालं ते आता गुमान बसून ऐक.

तुझी आज्जी म्हणजे माझी थोरली जाऊ. आम्ही सगळे तिला अक्काच म्हणतो. शिरोळच्या घरात परत पुराचं पाणी शिरलं तेव्हा तुझ्या बाबांनी तिला कोल्हापुरात माझ्याकडं आणून ठेवलं, ती राहिलीच. डोळ्यांना अंधूक दिसतं, त्याचं तिला फारसं काही नाही. पण ती बोलायची बंद झाली. मधल्या खोलीत खिडकीकडं तोंड करून बसायची. "अक्का, चहा?" "व्हय." "आणखी भाकरी?" "न्हाय." संपलं. शिरोळात गल्लीच्या या टोकाला बसून त्या टोकाचं भांडण मिटवणारी बाई ही. तिनं बोलावं म्हणून मी टीव्ही लावला, रेडिओ लावला, शेजारणींना चहाला बोलावलं. शेजारणी आपापसात बोलल्या आणि गेल्या. मग तुझं पुस्तक काढलं.

शाळा माझी चौथीतच सुटली. पुढचं वाचन किराणाच्या पुड्या सोडता सोडता झालं, त्यामुळं कुठल्या देशाची गोष्ट आहे याची मला फिकीर नसते. ही परदेशातली, लढाईच्या दिवसांतली. विमानं येतील म्हणून खिडक्यांना काळे पडदे. समुद्राकाठी एकटंच मोठं घर, भरती आली की तिथली वाट बुडते. त्या घरात आजारी म्हातारीला सांभाळायला एक नर्स येते. पण ती खरी नर्स नव्हेच. खरी बॉम्बमध्ये मेलेली, आणि ही तिची मैत्रीण, तिचं नाव लावून आलेली. जिन्यात पावलं वाजतात, कुलूप लावलेल्या खोलीत कुणीतरी खोकतं. दुपारची भांडी आवरली की मी वाचायला बसायची. अक्का ऐकते की झोपली ते कळायचं नाही. एकदा झोपली समजून मी थांबले, तर म्हणाली, "कोण खोकलं ते सांग की पयलं."

पुढं एक पोलीस अधिकारी येतो. त्याला नर्सचा संशय आलेला. ती बागेत कपडे वाळत घालत असते, हा मागनं येऊन तिच्या खऱ्या नावानं हाक मारतो. ती गर्रकन वळते. सापडली! मी पान उलटणार, तेवढ्यात अक्का म्हणाली, "खोटं हाय."

"काय खोटं?"

"ती वळली ते. बाई वळत न्हाय. कुणी लिवलंय हे, बाईनं का गड्यानं?"

मी पुठ्ठा बघितला. "गड्यानं."

"तरीच की."

आणि मग ती बोलायला लागली. आमच्याकडं बायकाही 'आलो, गेलो' म्हणतात, तू हसू नकोस. म्हणाली, "लग्नात ताटात तांदूळ पसरलं नि ह्यांनी अंगठीनं नाव लिवलं. मला कुठलं वाचाय येतंय? नणंदनं वाचून दाखवलं तवा कळलं, आजपासनं मी कोण ते. दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात झाला. सगळ्यांनी खाल्ला. मीबी खाल्लो."

सुरुवातीला नव्या नावानं हाक मारली तरी तिच्या ध्यानात यायचं नाही. सासूबाईंना वाटलं, बहिरी पोरगी गळ्यात मारली. मग ती इतकी सावध झाली की मांजर ओरडलं तरी "जी" म्हणायची. "खऱ्या नावाचं माणूस आरामात ओ देतंय गं. माझ्यागत असतंय ते टपून बसतंय."

पुढं कधीतरी शिरोळच्या बाजारात ती वांगी निवडत होती. तिचा थोरला भाऊ नदीपलीकडनं, कर्नाटकातल्या त्यांच्या गावाहून आलेला. त्यानं मागनं तिला माहेरच्या नावानं हाक मारली. परत मारली. "ऐकलो की मी. पर वाटलं, आसंल कोणतरी त्या नावाची. वांगी निवडत बसलो." भावाला वाटलं, ऊसवाल्यांच्या घरात गेली, आता आपल्याला कशाला ओळखतेय. आला तसा माघारी गेला. नंतर समजूत पटली, येणंजाणं झालं, पण त्यानं ते नाव पुन्हा घेतलं नाही. 'तंगी' म्हणायचा, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. आता तोही नाही, आणि तिला त्या नावानं हाक मारणारं कुणीच उरलं नाही.

मी पुस्तक मांडीवर पालथं घातलं. एका चुलीवर आम्ही दोघींनी किती भाकऱ्या भाजल्या असतील, पण तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. ती सगळ्यांचीच अक्का. विचारायची वेळच आली नाही.

"काय होतं नाव तुमचं, अक्का?"

"आदी पुस्तक संपीव. त्या नर्सचं काय हुतंय बघू. मग सांगतो."

मग काय, मी भराभर वाचत सुटले. मधली पानं गाळून बघितली, तर तिला लगेच कळायचं. "पडदा कुणी वढला ते ऱ्हायलं की!" जेवतानाही तिच्या तोंडी तीच माणसं, बोलता बोलता भाकरी कधी संपली ते तिचं तिलाही कळायचं नाही. शेवटी तो पोलीस नर्सला पकडत नाही, बोटीत बसवून जाऊ देतो. कुठल्या नावानं गेली ते लेखक सांगत नाही. अक्का चिडली. "एवढं ऐकून घेतलं नि नावच न्हाय सांगितलं?"

"मग तुम्ही सांगा."

तिनं स्वतःचं सांगितलं. साधं, दोन अक्षरी नाव आहे. तुला लिहून कळवू का, विचारलं, तर नको म्हणाली. "लिवलेलं पुसतंय. ताटातलं न्हाय का पुसलं?"

दुसऱ्या दिवशी ती पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी मागनं, स्वयंपाकघराच्या दारातनं, त्या नावानं हाक मारली. मान हलली नाही.

"अक्का, हाक मारली की!"

"ऐकलो. तुझा आवाज बसत न्हाय त्या नावाला. भांडाय आल्यागत वाटतंय."

"मग कुणाचा बसंल?"

तिनं हातातली शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले आणि म्हणाली, "पोरीचा बसंल. आमच्या आईगत आवाज हाय तिचा. फोनवर ऐकतो की मी."

तर असं आहे. सुट्टी नाही, बघते, कळवते, हे मला सांगू नकोस. येताना आणखी एखादं पुस्तक आण, कुलपाच्या खोलीत खोकणारं माणूस असलेलं. आणि नेहमीसारखी दारातनं ओरडत येऊ नकोस. चपला बाहेर काढ, हळूच आत ये, नाव मी तुझ्या कानात सांगते. ती मधल्या खोलीत पाठमोरी बसलेली असेल. मागनं हाक मार. वळते का नाही ते दोघी मिळून बघू. लौकर ये.