स्वतंत्र की जोडीची

अजूनही अहवालातलं ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. ‘दोन्ही पद्धतींच्या सरासरी उत्पादनात लक्षणीय फरक आढळला नाही.’ खाली सही माझी, तीही सुवाच्य.

केशोरी गावाकडे आम्ही कृषी खात्यातल्यांनी बारा जणांच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचरांत, धानाचा प्रयोग लावला होता. प्रत्येक बांधीच्या अर्ध्यात नेहमीची रोवणी, उरलेल्या अर्ध्यात दोरी धरून ओळीतली. कापणीनंतर दोन्हीकडचं धान वेगवेगळं जोखलं. फरक दिसला तरच पुढच्या खरिपात दोरीची रोवणी गावभर जाणार, नाहीतर प्रयोग बंद. माझ्या टिपणात सरासऱ्या ताडून पाहायच्या दोन चाचण्या होत्या: एक स्वतंत्र गटांची, एक जोडीची. ‘जोडीची’ म्हणजे लग्न जुळवल्यासारखं वाटलं. ‘स्वतंत्र’ कसं भारदस्त. एवढ्यावर मी चाचणी निवडली.

अहवाल वाचून दाखवायला गेलो, तर प्रयोगातली एक काकू उठली. तिची बांधी खोलगट, पाणी धरणारी, शेजाऱ्याची टेकाडावरची.

“सर, माह्या धानाले त्याच्या धानासंगं कायले जोखून राहिले? माह्या अर्ध्याले माह्याच अर्ध्यासंगं पाहा ना.”

मी म्हटलं, हे संगणकाने काढलंय. ती म्हणाली, “त्याले बांधी दाखवली होती का तुमी?”

सगळे हसले. मीही हसलो, आणि मग ध्यानात आलं. एका बांधीपासून दुसरीत एवढा चढउतार होता की दोन अर्ध्यांमधला फरक त्यात बुडाला होता. आधी प्रत्येक बांधीतला फरक काढायचा, मग त्या फरकांची सरासरी तपासायची, एवढंच काम. घरी येऊन केलं. फरक लख्ख दिसला.

खरा संताप पुढेच. नवा निकाल घेऊन गेलो, तर आमचे वरिष्ठ साहेब म्हणाले, “निकाल पसंद नहीं आया, तो टेस्ट बदल दिया?”

शंका रास्त होती. कंबर मोडेस्तोवर रोवणाऱ्या बाईच्या कामाला माझ्या आळसाने लबाडीचा वास आणला होता! चिडून लिहून दिलं: प्रयोगाची मांडणी पहिल्या दिवसापासून जोडीची, आराखडा सोबत, चाचणी निवडण्यातली चूक माझी. साहेबांनी आराखड्यावरची तारीख दोनदा पाहिली, ‘चूक माझी’ लाल शाईने अधोरेखित केलं आणि दोरीच्या रोवणीला मंजुरी दिली.

मी धावत काकूला सांगायला गेलो. ती पऱ्हे टाकत होती, रोवणीच्या रोपांसाठी बी पेरत होती. मान वर न करता म्हणाली, बाजूले व्हा, पऱ्ह्यावर पाय पडून राहिला.