वीस टक्के मोकळी जागा

दुनियेत कुठे किती जागा उरली आहे हे एकाच माणसाला नक्की ठाऊक होतं, आणि तो माणूस म्हणजे आमचे थोरले साडू. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मूळचे अमरावतीचे, नोकरीनं जयपूरचे, आणि मनानं तिथल्याच झालाना भागातल्या आमच्या विमा कचेरीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या मेनफ्रेमचे. मेनफ्रेम म्हणजे लोखंडी कपाटांएवढं, सदानकदा घोंघावणारं जुनं संगणकयंत्र. एके काळी साऱ्या कचेरीचा कारभार त्याच्या पोटात होता. त्या पोटात किती भरलंय, किती रिकामं आहे, हे बघणं साडूंचं काम. आल्याबरोबर ते काळ्या पडद्यासमोर बसत आणि हिरव्या अक्षरांत एकेक डिस्क किती भरली ते वाचत. मग खाली मेमरीचा भाग यायचा, कोणाचं काम किती मेमरी खातंय त्याचा. घरातली बाई सकाळी उठून आधी रात्रीचं दूध नासलं नाही ना ते बघते, अगदी तसं. हे झाल्याशिवाय चहा नाही. कँटीनवाले भैया कपावर बशी झाकून जात आणि दुसऱ्यांना सांगत, "पहले मशीन का पेट देखेंगे, फिर अपना."

यंत्राला थंडावा लागायचा, म्हणून त्या खोलीत बारा महिने माघ असे. बाहेर मे महिन्याची लू कानशिलं भाजत असताना साडू प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीतून स्कूटर काढत, ती हँडलला मरून रंगाचा हातविणीचा स्वेटर अडकवून. समोरचे गुप्ताजी न चुकता विचारत, "भाईसाहब, शिमला?" साडू तितक्याच न चुकता म्हणत, "नहीं जी, झालाना." हे 'जी' वऱ्हाडातून आणलेलं की जयपुरात लागलेलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

कुठलीही डिस्क ऐंशी टक्क्यांवर जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा धर्म. यंत्रापुरता पाळला असता तर कोणाची तक्रार नव्हती. पण फ्रिज ऐंशी टक्के, प्रवासाची बॅग ऐंशी टक्के, कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा ऐंशी टक्के. जेवताना मध्येच थांबून ते पोटाचा अंदाज घेत आणि पोळीवर हात आडवा धरत. ताई, म्हणजे माझी मेहुणी, वैतागून म्हणायची, "यांना वाढायचं म्हणजे आधी मीटर बघा." तीन खोल्यांच्या घरातली एक खोली त्यांनी मोकळी ठेवली होती. तिच्यात एक सतरंजी आणि भिंतीवर एक खिळा, बस. मी एकदा म्हटलं, भाड्यानं तरी द्या. तर म्हणाले, "काऊन द्यायची? कोण कधी येईल, सांगता येते का जी?" आलो आम्हीच. माझी बदली जयपूरला झाली तेव्हा घर मिळेपर्यंत मी, बायको, दोन पोरं आणि आमचा वाजणारा कूलर त्या खोलीत राहिलो. त्या मुक्कामात ऐंशी टक्क्यांचा हिशेब त्यांनी एकदाही काढला नाही.

दुसरा धर्म याहून कडक होता. मालकाला विचारल्याशिवाय काही पुसायचं नाही. वर्षानुवर्षं कोणी न उघडलेल्या फायली यंत्रात पडलेल्या असत. दुसऱ्या कोणी त्या एका फटक्यात उडवल्या असत्या. साडू फोन करत. "साहेब, तुमची एक चाचणीची फाइल आहे, काढू का?" समोरचा कधीच निवृत्त होऊन नातवंडांत रमलेला. एका जुन्या अधिकाऱ्याचा फोन लागेना, तेव्हा रविवारी मला स्कूटरवर मागे बसवून साडू थेट जयपूरबाहेरच्या चौमूं गावाला गेले. तिथे दारात मांडव. मुलीचं लग्न. गृहस्थांना फाइल तर नाहीच, साडूही आठवेनात. पण दारी आलेला उपाशी कसा जाईल? बसवलंच पंगतीत. दाल-बाटी झाली, चुरमा झाला, आणि मग यजमान मनुहार करायला आले, म्हणजे हातानं घास भरवायला. साडूंनी हात आडवा धरला. "भाईसाहब, अस्सी परसेंट हो गया." यजमान म्हणाले, "तो बीस तो अभी खाली है न?" आणि लाडू तोंडात. तरी निघताना, तोंडात लाडू असताना, त्यांनी विचारलंच, "तो फिर वो फाइल निकाल दूँ?"

आता जे सांगायचं आहे ते मी बायकोलाही नीट सांगितलेलं नाही. मी बोलणारा माणूस नव्हे. कचेरीनं सगळं काम नव्या यंत्रणेवर हलवायचं ठरवलं. ही नवी यंत्रणा कुठल्याशा दुसऱ्याच शहरात, तिला ना खोली ना घोंघाट. हलवणाऱ्यांचा प्रमुख मी. हळूहळू एकेक खातं हललं, ते साडूंना दिसतच होतं. डिस्का रिकाम्या होत होत्या आणि ते म्हणत, "वा, जागा झाली." त्यांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते. शेवटचं खातं हलवायचा मुहूर्त आम्ही धरला तो ते पुतणीच्या लग्नाला अमरावतीला गेले तेव्हाचा. मुद्दाम धरला, हे आता कबूल करायला हरकत नाही. साहेब मला म्हणाले, "आपके रिश्तेदार हैं, आप ही बता दीजिए." मी हो म्हटलं. बरणीभर लोणचं घेऊन साडू परत आले, आणि मी सांगितलं नाही.

सांगायचं काय? तुम्ही ज्याची राखण करता ते घर आता रिकामं आहे, आणि सामान मी हलवलं? ज्या माणसानं मला आपली मोकळी खोली दिली त्याला? त्याऐवजी मी एक युक्ती केली. त्यांच्या बघायच्या वेळेला त्या रिकाम्या यंत्रावर आपोआप चालेल असं एक काम लावून ठेवलं. एक जुनी फाइल सरळ लावायची, मग उलटी लावायची, मग पुन्हा सरळ. अर्थ शून्य, पण मेमरीचा आकडा हलत राही. साडू येत, स्वेटर घालत, पडदा बघत, म्हणत, "चालू आहे." मग चहा. मी काचेपलीकडून बघत असे आणि जिवाला बरं वाटे. लाजही वाटे, पण बरं जास्त वाटे.

निवृत्तीच्या दिवशी हार, शाल, कचोरी सगळं झालं. साडू मला म्हणाले, "साडभाऊ, जरा खाली चला ना." खाली जाऊन त्यांनी पडदा सुरू केला. डिस्का बघितल्या. मेमरी बघितली. मग माझ्या त्या कामाच्या ओळीवर बोट ठेवलं. या जुन्या यंत्रात प्रत्येक कामाच्या ओळीला लावणाऱ्याचं नाव लागतं. नव्याच्या नादात मी एवढी साधी गोष्ट विसरलो होतो. त्यांच्या बोटापाशी माझंच नाव होतं.

"हे काम काढू का जी?"

मी विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

"आलो त्याच दिवशीपासून. लोणचं दिलं ना तुम्हाले, त्याच्या आधीच."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? सकाळी सकाळी कोणी आपल्यासाठी काहीतरी करते. मालकाला विचारल्याशिवाय ते कसं पुसू? आणि तुम्ही तर मले पाहिलं की तोंड चुकवत होता. विचारू कधी? सांगितलं असतं तरी चाललं असतं, साडभाऊ. मी काही रडलो नसतो."

मी मान खाली घातली. ते वाट बघत होते. तेव्हा कळलं की खरोखरच परवानगी मागताहेत. मी म्हटलं, "काढा." त्यांनी दोन कळा दाबल्या. ओळ गेली, आकडा खाली घसरत घसरत यंत्राच्या स्वतःच्या श्वासापुरता उरला.

"एवढी मोकळी जागा मी जन्मात पाहिली नव्हती," साडू म्हणाले. "आता कोणीही येऊ द्या." आणि चहा घ्यायला वर गेले. त्या दिवशी बशी झाकलेली नव्हती, चहा निवला होता. तो त्यांनी तसाच घेतला.

आता ते आणि ताई अमरावतीला असतात. तिथल्या घरातही एक खोली मोकळी आहे म्हणे. फोन येतो तेव्हा गुप्ताजींची चौकशी होते, कचेरीमागच्या झालान्याच्या जंगलातून अधूनमधून येणारा बिबट्या पुन्हा भिंतीवर दिसला का ते विचारतात, आणि मी जेवलो असेन तर किती टक्के ते. यंत्र भंगारात गेलं. खालची खोली रंगवून तिथे बैठकांचं टेबल टाकलं आहे. दाराशेजारच्या खुंटीवर एक मरून स्वेटर मात्र अजून लटकतो आहे. निघताना ते विसरले, की ठेवून गेले, कोण जाणे. सफाईवाले मला दोनदा विचारून गेले, "साहब, ये हटा दें?"

मी म्हटलं, मालकाला विचारावं लागेल. अजून विचारलेलं नाही.