ओठांकडे बघणारी बाई

आमच्या गल्लीतली एक बाई रोज संध्याकाळी नववी-दहावीच्या कच्च्या मुलांना वाचन आणि गणित शिकवते, फुकट. शेजारी पॉवरलूमचा कारखाना आहे. त्या खडखडाटातच लहानाची मोठी झाल्यामुळे ती कानांपेक्षा डोळ्यांनीच जास्त ऐकते. मुलं वाचतात, ती ओठांकडे बघते आणि ओरडते, "शाब्बास बेटा! आगे चल!"

परवा अचानक लाइट गेली आणि सगळे लूम थांबले. त्या शांततेत नववीतली एक मुलगी पुस्तकावर बोट फिरवत नुसतेच ओठ हलवत होती. आवाज नव्हता, कारण वाचता येतच नव्हतं.

"मॅडम, हिचा तर साउंडच बंद हाय!" एक पोरगा ओरडला. सगळे हसले. मुलगी उठून पळाली.

दोन दिवस ती आली नाही म्हणून बाई आणि मी तिच्या घरी गेलो. आई दारातूनच म्हणाली, "आता न्हाय येणार ती. वडपे गावातल्या गोडाऊनमध्ये ड्युटीला लागली."

परतताना मी त्या मुलीला नववीपर्यंत ढकलत आणणाऱ्या शाळेवर, सरकारवर तावातावाने बोलत होतो.

"त्यांचं राहू दे रे," बाई म्हणाली. "वर्षभर ती माझ्यासमोरच बसत होती."