ड्रुसिलाचे छर्रे

अमेरिकेत, मिझुरी राज्यातल्या डोंगरात ड्रुसिलाचे छर्रे डोळे झाकून घ्यावेत, असं सगळे शिकारी म्हणत. टायरच्या दुकानातून लोक चाकांचा तोल साधायला लावतात ती शिशाची जुनी वजनं बादल्या भरभरून आणत. ड्रुसिला ती वितळवून, छर्रे पाडून द्यायची आणि चौथा हिस्सा स्वतःला ठेवायची. काडतुसं ज्याची त्याने घरी भरावीत.

काम तसं बुंदी पाडण्याचंच. भोकं पाडलेल्या लोखंडी भांड्यातून शिसं थेंब थेंब साबणाच्या पाण्यात सोडायचं. मग तयार छर्रे वाळवून तिरक्या फळीवर सोडायचे. गोल असतील ते सरळ खाली येतात, वाकडे कडेला पळतात. ते परत कढईत. हे सगळं तिला नवऱ्याने, हर्शेलने शिकवलं. तो जाऊन दोन वर्षं झाली होती.

आणि तरी तो शेडमध्ये बोलायचा.

कढई तापली, थेंबांची लय लागली की पाठीमागून त्याचा घोगरा आवाज यायचा. “ड्रू, आच कमी कर. छर्ऱ्यांना शेपट्या फुटायला लागल्या बघ.” घरात नाही, कबरीपाशीही नाही, फक्त इथे. म्हणून ती दार लावून, हिस्सा नको असतानाही छर्रे पाडत बसे. हात कापू लागले, तोंडाला सदा गोडसर चव राहू लागली. डॉक्टरने रक्त तपासलं आणि शिसं अंगात भिनलंय, आजच थांबा म्हणून दम भरला.

एका दुपारी मुलगी, मार्लिस, ट्रक घेऊन कढई न्यायलाच आली.

“एवढी बादली होऊ दे गं,” ड्रुसिला गयावया करत म्हणाली.

“किती दिवस ‘एवढीच’ चाललंय तुझं! बाबा गेले, आता तूही जा, म्हणजे माझी कटकट मिटली.” मार्लिस तणतणत दारातली बादली घेऊन आली. लवकर आटपावं म्हणून तिने मूठभर वजनं उचलून कढईवर धरली. ती वजनं रात्रभर दारात पावसात भिजली होती. ओलं शिसं वितळलेल्या शिशात गेलं तर कढई तोंडावर उडते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. हर्शेलने लेकीला शेडची पायरी चढू दिली नव्हती.

“थांब पोरी! पाणी आहे त्यात!”

मार्लिसचा हात जागीच थिजला. एकच थेंब कढईत पडला. चर्र झालं, शिशाचा कण उडून तिची बाही जाळून गेला.

ड्रुसिला आनंदाने लहान पोरीसारखी ओरडली, “ऐकलंस ना? आता तरी पटलं? तुझा बाप होता तो!”

मार्लिस पांढरीफटक पडली होती. “आई... ते तू बोललीस.”

“मी तोंडसुद्धा उघडलं नाही!”

“तुझेच ओठ हलत होते. आवाज मात्र बाबांचा.”

ड्रुसिलाने हात गळ्यावर ठेवला. बोटांखाली काहीतरी हललं, आणि घोगरा आवाज आला, “गॅस बंद कर, ड्रू. पुरे झालं.”

ड्रुसिलाने गॅस बंद केला. शिशावर राखाडी साय धरेपर्यंत ती गळ्यावर बोटं दाबून उभी राहिली, त्याला अजून काही सांगायचं असेल म्हणून. त्याला काही सांगायचं नव्हतं.