रुमाल टाकून धरलेली जागा

घटस्फोटाच्या तारखेला जाताना नवऱ्यानं माझ्यासाठी एसटीत जागा धरली, तिथंच आमचं चुकलं.

लग्नानंतर आम्ही लातुरात राहायचो, म्हणून केस तिथल्या कौटुंबिक न्यायालयात. आता दोघंही अहमदपुरात, आपापल्या आईवडिलांकडे. घटस्फोट दोघांनाही हवा होता. मला नांदेडच्या एका शाळेत नोकरी लागली होती. शाळा जूनपर्यंत थांबायला तयार होती, पण वडिलांचं एकच, "निकाल लागल्याबिगर एकटीनं राहायचं न्हाई." तारखेला वेळेवर पोचवणारी गाडी एकच, आणि स्टँडवर ही गर्दी! ह्यांनी खिडकीतून रुमाल टाकला. मी बसले, हे शेजारी बसले. उभ्यानं जाण्यात कसला आलाय स्वाभिमान?

पुढच्या सीटवरचे काका मोठ्यानं पेपर वाचत होते. सरकार म्हणे नवा कायदा आणणार, घरगुती खटले लवकर संपवणार, सुनावणी मोबाइलवरसुद्धा होणार. आम्हा दोघांचे कान टवकारले. "लई बरं होईल," हे म्हणाले. घटस्फोट सोडला तर आमचं एकमत झालेलं हे पहिलंच.

कोर्टात समुपदेशक बाईंनी सहज विचारलं, कसे आलात? ह्या सरळ माणसानं सगळं सांगून टाकलं. "रुमाल टाकून जागा धरली मॅडम, हिच्यासाठी. लई गर्दी हाय."

बाईंचा चेहरा फुलला. "बघा, अजून काळजी आहे एकमेकांची! मग घाई कशाला?"

"मॅडम, एवढं तर कुणीही कुणासाठी करतं," मी म्हणाले. त्या नुसत्या हसल्या. आणखी बोलणी करा म्हणून जूननंतरची तारीख पडली. भांडत आलो असतो तर सुटलो असतो.

परतताना ह्यांनी सवयीनं रुमाल काढला. मी गर्दीतून ओरडले, "टाकू नका!" अहमदपूरपर्यंत दोघंही उभे, हे ड्रायव्हरमागं, मी पार शेवटी. चाकूरला माझ्याजवळची सीट रिकामी झाली. ह्यांनी लांबून खूण केली, बस. मी तोंड फिरवलं.

नांदेडच्या शाळेनं दुसरी बाई घेतली. कायदा अजून येणारच आहे. हल्ली तारखेला आम्ही कोर्टाच्या फाटकाशी, चार लोकांना ऐकू जाईल असं भांडतो. खोटंच भांडायचं ठरलं होतं. परवा मात्र ह्यांनी मला खरोखर शिवी दिली, आणि मीही दिली.